ॲसिटोन: घाबरायचं कशाला आणि जपायचं कुठे

प्रश्न असा आहे: "भोसरीत माझं फायबरचं छोटं युनिट आहे. ब्रश धुवायला आणि साचे पुसायला ॲसिटोन लागतं. कोणी म्हणतं त्याने कॅन्सर होतो, कोणी म्हणतं थिनर स्वस्त पडतं, तेच वापर. धाकटी बहीण एम.एस्सी.ला आहे. तिने आमच्याच कॅनमधलं ॲसिटोन लॅबमध्ये ऊर्ध्वपातित केलं, तर ते ५४ अंशांलाच उकळलं. पुस्तकात ५६ लिहिलंय. म्हणजे आम्हाला भेसळीचा माल मिळतोय का? ॲसिटोन नक्की काय आहे, कुठे वापरावं, कुठे नाही?"

आधी बहिणीचं, कारण त्याचं उत्तर पुण्याच्या भूगोलात आहे. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाब ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो, तर पुस्तकातला ५६ अंश हा आकडा १०१३ हेक्टोपास्कल दाबाचा, म्हणजे समुद्रसपाटीचा आहे. दाब कमी झाला की द्रव लवकर उकळतो. आपल्याकडे पाणीसुद्धा १०० ऐवजी ९८ अंशांच्या जवळपास उकळतं आणि ॲसिटोन ५४ ला. थर्मामीटर बरोबर आहे, बहिणीचा हातही बरोबर आहे. हाच प्रयोग तिने मुंबईत केला तर तिला ५६ मिळेल.

मात्र या आकड्यावरून माल शुद्ध आहे असंही मानू नका. ॲसिटोनमध्ये कोणी मिथेनॉल मिसळलं तर ऊर्ध्वपातनाने ते पकडता येत नाही. साधारण ८८ भाग ॲसिटोन आणि १२ भाग मिथेनॉल असं मिश्रण एकजीव होऊन उकळतं आणि त्याचा उत्कलनबिंदू शुद्ध ॲसिटोनपेक्षा जेमतेम अर्ध्या अंशाने खाली असतो. साध्या थर्मामीटरवर एवढा फरक कळणार नाही. म्हणून सुटा माल घेऊ नका. भारतीय मानक आयएस १७० प्रमाणे तपासणी अहवाल देणाऱ्या पुरवठादाराकडून सीलबंद ड्रम घ्या आणि बॅच नंबर अहवालाशी ताडून पाहा. पाणी मिसळलं असेल तर ते शोधणं सोपं आहे. २० अंशांना शुद्ध ॲसिटोनची घनता ०.७९ असते, १० टक्के पाणी असेल तर ती ०.८२ च्या जवळ जाते. शे-दोनशे रुपयांच्या हायड्रोमीटरवरही हे दिसतं. मात्र तपमान मोजायला विसरू नका, कारण ॲसिटोन उन्हाने बरंच फुगतं. तिसरी चाचणी माझी आवडती आहे. स्वच्छ काचेवर चार थेंब टाका आणि पूर्ण उडून जाऊ द्या. मागे चिकट कडा, तेलकट डाग किंवा रेंगाळणारा वास राहिला तर तो ड्रम आधी कुठल्यातरी दुसऱ्या कामाला वापरलेला आहे.

वजनाचंही बोलून घेतो, कारण खरेदीत इथेच घोटाळा होतो. एक लिटर ॲसिटोनचं वजन सुमारे ७९० ग्रॅम भरतं. २०० लिटरच्या ड्रममध्ये साधारण १६० किलोच माल असतो. भाव किलोचा सांगितलाय की लिटरचा, हे आधी विचारा. आणि कॅन कधीही तोंडापर्यंत भरू नका. सकाळी २० अंशांना काठोकाठ भरलेला कॅन दुपारी ४० अंशांच्या शेडमध्ये जवळपास तीन टक्के फुगतो, तो झाकणातून गळतो किंवा शिवण फाडतो.

आता ॲसिटोन म्हणजे काय ते पाहू. हा सर्वांत साधा कीटोन आहे: तीन कार्बनची साखळी, मधल्या कार्बनला दुहेरी बंधाने जोडलेला ऑक्सिजन आणि दोन्ही टोकांना मिथाइल गट. या छोट्या रेणूचं मधलं अंग पाण्याच्या ओढीचं आणि दोन्ही टोकं तेलाच्या ओढीची आहेत. म्हणून तो पाण्यात कुठल्याही प्रमाणात मिसळतो आणि ग्रीस, रेझिन, नेलपॉलिश, नायट्रोसेल्युलोजचं लाखही विरघळवतो. लॅबमध्ये धुतलेला फ्लास्क शेवटी ॲसिटोनने खळाळतात तो याचसाठी. ॲसिटोन काचेवरचं पाणी स्वतःत घेतं आणि ते घेऊन निघून जातं. बहिणीला आणखी एक सांगा. ॲसिटोन कोरडं करायला सोडियम धातू कधीही वापरायचा नाही. कॅल्शियम क्लोराईडही नको, ते ॲसिटोनशीच जोडलं जातं. निर्जल कॅल्शियम सल्फेट हा बरा मार्ग आहे. आणि ॲसिटोनच्या भांड्यात क्लोरोफॉर्म आणि अल्कली एकत्र येता कामा नयेत, ती अभिक्रिया अचानक उसळते. क्लोरोफॉर्मचा कचरा आणि ॲसिटोनचा कचरा वेगवेगळ्या बाटल्यांत ठेवायचा, तो यामुळेच.

तीस वर्षं मी द्रावकांबरोबर काम केलं, त्यातली बरीच रंग आणि कोटिंगच्या धंद्यात. ॲसिटोनबद्दल मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागली. लोक त्याच्या विषाला घाबरतात आणि त्याच्या वाफेकडे दुर्लक्ष करतात. खरं तर उलट हवं. त्याचा सगळा उपयोग ते झटकन उडतं यात आहे, आणि धोकाही तिथेच आहे.

उडण्याचा वेग मोजायला रंगवाले ब्युटाइल ॲसिटेटला १ धरतात. त्या मापाने टोल्युइन २ च्या आसपास येतं आणि ॲसिटोन जवळपास ६. म्हणून साचा पुसला की मिनिटभरात कोरडा होतो. पण इतक्या वेगाने उडताना ते पृष्ठभागाची उष्णताही ओढून नेतं. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याची हवा ओलसर असते. त्या थंड झालेल्या पृष्ठभागावर दव धरतं आणि लॅकरवर पांढुरकी झाक येते. पावसाळ्यात आमच्याकडे रंगाऱ्यांची तक्रार ठरलेली असायची: "माल खराब आलाय." माल चांगलाच असायचा. थिनरमधला ॲसिटोनचा भाग कमी करून सावकाश उडणारा द्रावक, बहुतेक वेळा ब्युटाइल सेलोसॉल्व, थोडा वाढवला की झाक जायची. तुम्हीही जेलकोट (साच्यावर मारायचा रेझिनचा पहिला, म्हणजे वस्तूचा बाहेरचा थर) मारण्याआधी साचा ॲसिटोनने पुसत असाल तर पावसाळ्यात पाच-दहा मिनिटं थांबा, तळहाताची मागची बाजू साच्याजवळ नेऊन गारवा गेला का ते बघा आणि मगच पुढे जा. दव अडकलेल्या जेलकोटला नंतर फोड येतात.

थिनरचं म्हणाल तर थिनर हा एक पदार्थ नाही, ते मिश्रण आहे. बोहरी आळीत सुटं मिळणारं थिनर आणि नामांकित कंपनीचं सीलबंद एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. त्यात टोल्युइन, वेगवेगळे ॲसिटेट, अल्कोहोल, कधी ॲसिटोन आणि स्वस्त मालात मिथेनॉलही असतं. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत कामाच्या आठ तासांत हवेत किती वाफ चालेल याची मर्यादा दिलेली होती. ॲसिटोनसाठी ती ७५० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ७५० भाग) होती आणि टोल्युइनसाठी १००. यावरूनच कळेल की श्वासावाटे कोण जास्त त्रासदायक आहे. टोल्युइन मज्जासंस्थेवर घाव घालतं आणि मिथेनॉल पोटात गेलं तर डोळे घालवतं. म्हणून हाताच्या आणि फुप्फुसांच्या दृष्टीने ॲसिटोन सोडून स्वस्त थिनरकडे जाणं मला मान्य नाही. पैसे वाचतील, माणसं झिजतील.

कॅन्सरबद्दल सरळ सांगतो. ॲसिटोनला कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत केलेलं नाही. जास्त वाफ घेतली तर डोकं जड होतं, चक्कर येते, घसा आणि डोळे चुरचुरतात. मोकळ्या हवेत गेल्यावर उतरतं. ते आपल्या शरीरालाही परकं नाही. यकृत चरबी जाळतं तेव्हा थोडं ॲसिटोन तयार होतं आणि श्वासावाटे बाहेर पडतं. पोटात पिष्टमय काहीच न घेता लांब उपवास केला की तोंडाला जो गोडसर, फळांसारखा वास येतो तो याचाच. मधुमेह असलेल्या माणसाच्या तोंडाला असा वास येत असेल आणि जोडीला उलट्या, धाप किंवा गुंगी असेल तर घरी वाट पाहू नका, तडक दवाखाना गाठा. ते कीटोॲसिडोसिसचं, म्हणजे कीटोन साचून रक्त आम्लधर्मी होण्याचं, लक्षण असतं आणि त्यात तास मोलाचे असतात.

पण तुमच्या शेडमध्ये नाकात जाणारा तो उग्र, गोडसर वास बहुतेक ॲसिटोनचा नाहीच. तो पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये स्टायरीनला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलं. म्हणजे कॅन्सरची काळजी रास्त आहे, पण बोट चुकीच्या डब्याकडे आहे. रेझिनचे डबे उघडे ठेवू नका आणि लॅमिनेशन चालू असताना हवा खेळती ठेवा. कापडी मास्क किंवा धुळीचा मास्क वाफेला काडीचाही उपयोगाचा नाही. सेंद्रिय वाफेसाठीचा कार्ट्रिजचा मास्क लागतो, आणि ॲसिटोनसारख्या झटकन उडणाऱ्या द्रवाची वाफ ते कार्ट्रिज लवकर भरून टाकते, म्हणून ते महिनोन्‌महिने चालवायचं नसतं.

आता आगीकडे येतो. इथे मला घाई करायची नाही.

ॲसिटोनचा फ्लॅश पॉइंट शून्याखाली सुमारे २० अंश आहे. म्हणजे उणे २० अंशांनाही त्याच्यावर पेट घेण्याइतकी वाफ जमते. केरोसीनला त्यासाठी ३५-४० अंशांच्या वर जावं लागतं. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे ८-१० अंश असतात, तेव्हासुद्धा ॲसिटोन त्याच्या पेटण्याच्या तपमानाच्या कितीतरी वर असतं. केरोसीन सांडलं तर तुम्हाला वेळ मिळतो. ॲसिटोन सांडलं तर मिळत नाही.

एक हिशेब करून बघा. एक लिटर ॲसिटोन पूर्ण उडालं तर त्याची सुमारे ३३० लिटर वाफ होते. हवेत २.५ टक्के वाफ झाली की ठिणगीने पेटते. म्हणजे एक लिटरने १३ घनमीटर हवा पेटती होऊ शकते: दहा बाय दहा फुटांची खोली, जमिनीपासून जवळपास पाच फूट उंचीपर्यंत. आणि ही वाफ खोलीभर सारखी पसरत नाही. ती हवेच्या दुप्पट जड आहे. ती पाण्यासारखी जमिनीवरून वाहते, उतार शोधते, केबलच्या खंदकात आणि गटाराच्या चेंबरमध्ये साचते. तुम्ही उभे असताना नाकाला फारसा वास येत नाही आणि घोट्यापाशी मात्र पेटतं मिश्रण असतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. नव्वदच्या दशकात मी एका कोटिंगच्या कारखान्यात शिफ्ट सांभाळायचो. जमिनीवर सांडलेलं लाख खरवडून निघेना, म्हणून दोन मुलांनी ॲसिटोन ओतून फडक्याने पुसायला घेतलं. त्यांनी मला विचारलं होतं आणि मी हो म्हटलं होतं. आजूबाजूला वेल्डिंग नाही, कोणी विडी ओढत नाही, एवढं बघून माझं समाधान झालं. पंधराएक फुटांवर भिंतीला टेकून पिण्याच्या पाण्याचा कूलर होता. त्याचा कॉम्प्रेसर आणि रिले जमिनीपासून वीतभर उंचीवर. कूलर आपोआप चालू झाला आणि निळसर ज्वाळेचा पट्टा जमिनीवरून धावत त्या मुलांच्या पायांपर्यंत आला. दोघांचे पाय पोटऱ्यांपर्यंत भाजले. एकजण चार महिन्यांनी कामावर आला. त्या दिवशी मी वर बघितलं होतं, खाली बघितलं नव्हतं. तेव्हापासून कुठल्याही शेडमध्ये गेलो की मी आधी जमिनीपासून गुडघ्यापर्यंतच्या उंचीवर काय काय आहे ते बघतो: प्लग, एक्स्टेंशन बोर्ड, फ्रिज, कूलर, कॉम्प्रेसर, ग्राइंडर.

त्याच कारणाने ॲसिटोनची बाटली घरगुती फ्रिजमध्ये कधीही ठेवू नका, बहिणीच्या लॅबमध्येसुद्धा नाही. आत थंडावा असला तरी उणे २० नसतो. बंद पेटीत वाफ साचते आणि थर्मोस्टॅटची ठिणगी आतच पडते.

रिकाम्या ड्रमबद्दल तर मी हात जोडून सांगतो. भरलेल्या बंद ड्रममध्ये द्रवाच्या वर ३० टक्क्यांच्या आसपास वाफ असते. १२.८ टक्क्यांच्या वर वाफ गेली की हवा अपुरी पडते आणि ती पेटत नाही. ड्रम रिकामा करून उघडा ठेवला की बाहेरची हवा आत शिरते आणि वाफेचं प्रमाण घसरत घसरत नेमकं पेटत्या पट्ट्यात येतं. तळाशी राहिलेला पेलाभर माल त्याला पुरतो. मग कोणीतरी पाण्याची टाकी, तंदूर किंवा कचराकुंडी करायला तो ड्रम गॅस कटरने कापायला घेतो आणि झाकण उडतं. ड्रम विकायचाच असेल तर आधी तो काठोकाठ पाण्याने भरा, ते पाणी कचऱ्याच्या ड्रममध्ये काढा, पुन्हा भरा. आणि घेणाऱ्याला आत काय होतं ते सांगा. भंगारवाल्याच्या पोराला ते माहीत असण्याचं काही कारण नाही.

आग लागलीच तर पाण्याचा फवारा मारून ती पसरवू नका. ॲसिटोन पाण्यात मिसळतं, पण निम्मं पाणी झालं तरी ते पेटतंच. साधा फोमही टिकत नाही, कारण ॲसिटोन फोममधलं पाणी शोषून त्याचे बुडबुडे फोडतं. त्यासाठी अल्कोहोल-रोधक फोम लागतो. छोट्या आगीला ड्राय केमिकल पावडरचा किंवा कार्बन डायऑक्साईडचा सिलिंडर, सांडलेल्याला कोरडी वाळू. शेडच्या दाराशी दोन्ही ठेवा. आगीच्या पलीकडच्या कोपऱ्यात ठेवलेला सिलिंडर हाताला लागत नाही.

एका ड्रममधून कॅनमध्ये ओतताना दोन्ही भांडी धातूची ठेवा, दोन्हींना तारेने जोडा आणि ड्रमला अर्थिंग द्या. ॲसिटोन स्वतः टोल्युइनइतका स्थिर विद्युतभार धरून ठेवत नाही. पण प्लास्टिकचा कॅन, नायलॉनचा शर्ट आणि रबरी चटईवर उभा असलेला माणूस हे तिघंही धरतात. उन्हाळ्यात कोरडी हवा असताना हे जास्त होतं.

तुमच्या धंद्यातली नेमकी गोष्ट अशी की हार्डनर, म्हणजे एमईकेपी (मिथाइल इथाइल कीटोन पेरॉक्साईड), कधीही ॲसिटोनने पातळ करायचा नाही. काही ठिकाणी कारागीर हार्डनर जास्त दिवस पुरावा म्हणून असं करतात. त्यातून स्फोटक पेरॉक्साईड तयार होऊ शकतात. हार्डनर आणि कोबाल्ट (रेझिन लवकर आवळावं म्हणून घालतात ते रसायन) थेट एकमेकांत मिसळायचे नसतात हे तुम्हाला माहीत असेलच. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट घोटायचा, मग हार्डनर. हार्डनरचा मापाचा पेला ॲसिटोनने धुवायचा नाही, साबणाच्या पाण्याने धुवायचा. आणि हायड्रोजन पेरॉक्साईड किंवा नायट्रिक आम्ल यांच्याजवळ ॲसिटोन ठेवायचंच नाही. रेझिन लागलेली ओली फडकी एका डब्यात कोंबून ठेवली तर रेझिन आतल्या आत आवळताना तापतं आणि ॲसिटोनची वाफ तिथेच असते. झाकणाच्या लोखंडी डब्यात पाणी घालून त्यात टाका आणि रोज बाहेर काढा.

ब्रश धुवायला तीन डबे ठेवा. पहिल्यात सगळ्यात घाणेरडं ॲसिटोन, दुसऱ्यात बरं, तिसऱ्यात ताजं. ब्रश याच क्रमाने फिरवायचा. पहिला डबा रेझिनने घट्ट झाला की तो कचऱ्यात जातो, दुसरा पहिला होतो, तिसरा दुसरा होतो. डब्यांना झाकणं हवीत. उघड्या बादलीत ब्रश धुणारे जेवढं वापरतात त्याहून जास्त हवेत उडवतात. घाण ॲसिटोन उकळवून परत मिळवायचा मोह होईल, तो आवरा. त्या गाळात हार्डनरचा अंश असतो आणि तळ कोरडा होईपर्यंत तापवणं जिवावर बेततं.

हात मात्र ॲसिटोनने धुऊ नका. तुमच्याकडे हे सर्रास चालत असणार, कारण रेझिन लगेच निघतं. ॲसिटोन कातडीतलं तेल काढून घेतं, कातडी पांढरी पडते, मग भेगा पडतात आणि त्या भेगांतून स्टायरीन आणि हार्डनर आत जायला वाट होते. हातमोज्यांचंही नीट ऐका. निळे नायट्राइलचे मोजे लोक विश्वासाने घालतात, पण ॲसिटोन त्यांतून काही मिनिटांत, पातळ मोज्यांतून तर त्याहूनही लवकर पार होतं. लॅबमध्ये शिंतोड्यापुरते ते चालतील, शिंतोडा पडला की लगेच बदलायचे. सतत काम असेल तर ब्युटाइल रबरचे मोजे घ्या. महाग वाटतात, पण महिनोन्‌महिने टिकतात.

कुठे वापरू नये ते प्लास्टिकवर ठरतं. पॉलिथिन, पॉलिप्रोपिलिन, टेफ्लॉन यांना ॲसिटोन काही करत नाही. ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट यांवर ते बारीक तडे आणि धूसरपणा आणतं, म्हणून हेल्मेटची काच, मशीनचं पारदर्शक गार्ड, गाडीचा हेडलाइट यांना हात लावू नका. सेल्युलोज ॲसिटेटच्या चष्म्याच्या फ्रेम विरघळतात, ॲसिटेट रेयॉनच्या कपड्याला भोक पडतं. थ्रीडी प्रिंटच्या प्लास्टिकांपैकी एबीएस विरघळतं, पीएलए जवळपास नाही. थ्रीडी प्रिंट गुळगुळीत करायला काही मुलं ॲसिटोन गॅसवर किंवा शेगडीवर तापवतात. त्यांना थांबवा. बंद डब्यात टिश्यूवर थोडं ॲसिटोन घेऊन खोलीच्या तपमानाला एबीएसचा भाग ठेवला की काही तासांत तेच काम होतं.

गणपतीनंतर मखराचा थर्माकोल ॲसिटोनमध्ये 'विरघळवून नाहीसा' करता येतो, असंही मला दरवर्षी कोणीतरी विचारतं. थर्माकोलचा ९८ टक्क्यांच्या आसपास भाग हवाच असतो. ॲसिटोनने फुगे फुटून हवा निघून जाते आणि तळाशी पॉलिस्टायरीनचा चिकट गोळा उरतो. प्लास्टिक होतं तेवढंच राहिलं आणि वर पेटणारा द्रावक वाढला. तसं करू नका.

घरात एकदोन ठिकाणी मात्र ते खरंच कामाचं आहे. फेव्हिक्विकने बोटं चिकटली तर ओढाताण न करता कापसाने थोडं ॲसिटोन लावून हळूहळू सैल करावं. डोळ्याजवळ किंवा ओठांवर चिकटलं असेल तर ॲसिटोन नको, कोमट पाणी आणि डॉक्टर. नेलपॉलिश काढताना देवघरातला दिवा आणि गॅस यांपासून दूर बसावं.

तुमच्या शेजारी फॅब्रिकेशनवाला असेल तर त्याच्याकडे डीए, म्हणजे विरघळवलेल्या ॲसिटिलीनचा, सिलिंडर असतो. त्यातही ॲसिटोनच आहे. ॲसिटिलीन वायू नुसता दाबून भरला तर तो स्वतःच फुटतो. म्हणून सिलिंडरमध्ये सच्छिद्र भराव असतो, त्यात ॲसिटोन मुरवलेलं असतं आणि वायू त्या ॲसिटोनमध्ये विरघळलेला असतो. साध्या दाबाला एक भाग ॲसिटोनमध्ये सुमारे २५ भाग ॲसिटिलीन मावतो, १२ वातावरण दाबाला ३०० च्या आसपास. सच्छिद्र भरावावर ज्यांनी काम केलं त्या स्वीडनच्या गुस्ताफ दालेन यांना १९१२ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, दीपस्तंभांच्या स्वयंचलित ॲसिटिलीन दिव्यांसाठी. आपल्या कामाचा भाग एवढाच की डीए सिलिंडर आडवा ठेवून वापरला किंवा फार वेगाने गॅस खेचला तर नळीत ॲसिटोन येतं, ज्योत तडतडते आणि भराव कोरडा पडू लागतो. टेम्पोत आडवा आणलेला सिलिंडर उभा करून बराच वेळ ठेवावा आणि मगच उघडावा.

भाव वरखाली का होतो तेही विचारलं असतंत तर सांगितलं असतं, म्हणून सांगतो. पहिल्या महायुद्धात कॉर्डाइट (तोफा-बंदुकांची धूररहित दारू) बनवायला ॲसिटोन इतकं लागत होतं की रसायनशास्त्रज्ञ चाइम वाइझमन यांनी जिवाणूंकडून पिष्टापासून ते आंबवून घेतलं, आणि आपल्या नाशिकलाही मोहाच्या फुलांपासून ॲसिटोन काढायचा सरकारी कारखाना त्या काळात उभा राहिला. आज जगातलं बहुतेक ॲसिटोन क्युमीनपासून येतं: बेंझीन आणि प्रोपिलीनचं क्युमीन, त्याचं ऑक्सिडीकरण आणि मग आम्लाने तोडलं की फिनॉल आणि ॲसिटोन एकत्र मिळतात. एक टन फिनॉलमागे सुमारे ०.६ टन ॲसिटोन. आपल्याकडे हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्सचा कोचीचा कारखाना आणि दहेजचा दीपक फिनॉलिक्स याच मार्गाने जातात. म्हणजे कारखाना फिनॉलसाठी चालतो आणि ॲसिटोन सोबत येतं. प्लायवूडच्या डिंकासाठी फिनॉलला उठाव असला की ॲसिटोन बाजारात मुबलक होतं आणि स्वस्त मिळतं. फिनॉलची मागणी बसली की तुमचा ब्रश धुण्याचा खर्च वाढतो.

राहिला कचरा. घाण ॲसिटोन मोरीत ओतू नका. पीव्हीसीचे सांधे फुगतात, वाफ चेंबरमध्ये साचते आणि उरलेलं नदीकडे जातं. रेझिनचा गाळ, घट्ट झालेला पहिला डबा, फडक्यांचा डबा हे सगळं घातक कचऱ्यात मोडतं आणि पुणे जिल्ह्यासाठी रांजणगाव एमआयडीसीत त्याच्या विल्हेवाटीची सामायिक सोय आहे. छोट्या युनिटला एकट्याने गाडी परवडत नाही, हे मला माहीत आहे. तुमच्या गल्लीतल्या चार-पाच फायबरवाल्यांनी मिळून तिमाहीला एक फेरी ठरवा. तोवर गाळ झाकणबंद लोखंडी ड्रममध्ये, सावलीत, वायरिंगपासून दूर, आणि ड्रमवर मराठीत आणि कामगार वाचू शकतील त्या भाषेत ठळक लिहून ठेवा: आत ॲसिटोन आणि रेझिन आहे, कापू नये.